बोट कापणं वेगळं, विहीर उसळणं वेगळं

ड्रिलिंग रिगवर, म्हणजे तेल-गॅसची विहीर खणणाऱ्या यंत्रणेवर, गेलात की पहिल्यांदा एक बोर्ड दिसतो, अमुक दिवस एलटीआय नाही. एलटीआय म्हणजे लॉस्ट टाइम इंज्युरी, माणूस इतका जखमी झाला की पुढच्या शिफ्टला कामावर येऊ शकला नाही अशी दुखापत. बोर्डवरचा आकडा मोठा असला की सगळे खूश आणि इथेच घोळ होतो, कारण तो आकडा फक्त पर्सनल सेफ्टी सांगतो, प्रोसेस सेफ्टीबद्दल त्याला काहीच माहिती नसते.

पर्सनल सेफ्टी म्हणजे माणसाच्या अंगाशी येणारे धोके. रिग फ्लोअरवर मड (खणताना विहिरीत फिरवतात तो जड चिखल) सांडून पाय घसरणं, पाइप जोडताना बोट चेपणं, डेरिकवर (रिगच्या उंच मनोऱ्यावर) बेल्ट न लावता चढणं, असलं सगळं. हेल्मेट, ग्लोव्हज, सेफ्टी शूज, टूलबॉक्स टॉक (कामाआधीची छोटी सुरक्षा बैठक) हे त्यावरचे उपाय. हे धोके डोळ्यांना दिसतात, वारंवार घडतात आणि मोजता येतात, म्हणून मॅनेजमेंटला आवडतात (कुणी रेलिंग न धरता जिना उतरला की लगेच निरीक्षणाचं कार्ड भरतात, ते चांगलंच आहे म्हणा).

प्रोसेस सेफ्टी म्हणजे जमिनीखालचं प्रेशर आत कोंडून ठेवणं. मडच्या वजनाने खालचा गॅस दाबून धरायचा असतो, ते वजन कमी पडलं की गॅस विहिरीत घुसतो, त्याला किक म्हणतात, आणि किक वेळेत पकडली नाही तर ब्लोआउट, म्हणजे विहीर आवरेनाशी होऊन उसळणं. किकची खूण काय, तर पिटमधलं (वरच्या टाकीतलं) मड वाढतं, पंप बंद केला तरी विहिरीतून मड येतच राहतं. मडच्या पुढचे अडथळे म्हणजे सिमेंट, केसिंग (विहिरीत बसवलेले स्टीलचे पाइप), शेवटी बीओपी (ब्लोआउट प्रिव्हेंटर, विहिरीचं तोंड बंद करणारे मोठे व्हॉल्व्ह). इथे वर्षानुवर्षं काहीच घडत नाही, म्हणून सगळं ठीक चाललंय असं वाटतं, आणि घडलंच तर रिगवरची माणसं आणि समुद्र दोन्ही जातात. एचएसईमधला (हेल्थ, सेफ्टी, एन्व्हायर्नमेंट) 'ई', म्हणजे पर्यावरण, मोठ्या गळतीपुरता तरी इथेच अडकलेला असतो.

डीपवॉटर होरायझनचं उदाहरण बघा. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात त्या रिगवर कंपन्यांचे मोठे अधिकारी आले होते आणि एक कारण काय, तर ७ वर्षं एलटीआय नाही म्हणून क्रूचं कौतुक करायला! त्याच दिवशी विहिरीची निगेटिव्ह प्रेशर टेस्ट (वरचा दाब कमी करून खालून काही आत येतंय का ते बघणं) चालू होती, ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय (दाबाचं एकक) आणि किल लाइनवर (बीओपीला जोडलेल्या बाजूच्या नळीवर) शून्य. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले, मग आकडे वेगळे कसे? काहीतरी स्पष्टीकरण शोधलं गेलं, टेस्ट पास धरली, रात्री स्फोट झाला, ११ जण गेले आणि ८७ दिवस तेल समुद्रात जात राहिलं. बोर्डवरचा आकडा खोटा नव्हता हो, तो फक्त वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता.

त्याआधी २००५ मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या बीपी कंपनीच्या रिफायनरीत स्फोटात १५ जण गेले होते. ते ड्रिलिंगचं प्रकरण नाही, पण त्यानंतर नेमलेल्या समितीच्या, बेकर पॅनेलच्या, २००७ च्या रिपोर्टमध्ये हेच होतं, दुखापतींचे आकडे सुधारले म्हणजे प्रोसेस सेफ्टी सुधारली असं कंपनीवाले धरून चालले होते.

आता कुणी म्हणेल दोन्हींचा संबंधच नाही का, तर तसंही नाही. आपल्या मुंबई हायचंच (मुंबईजवळच्या समुद्रातलं तेलक्षेत्र) घ्या, २७ जुलै २००५. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या जहाजावरच्या कुकची बोटं कापली गेली, म्हणजे शुद्ध पर्सनल सेफ्टीची केस. पावसाळ्यात हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर न्यायचं ठरलं. उसळत्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मच्या जवळ आणताना ते गॅसच्या रायझरवर (समुद्रतळावरून प्लॅटफॉर्मवर येणाऱ्या उभ्या पाइपवर) आदळलं, गॅस सुटला, पेटला आणि साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म संपला. २२ जण गेले, ३६२ जण वाचले. म्हणजे जखमीला हलवायचा निर्णयसुद्धा प्रोसेस सेफ्टीचाच होता, जहाज रायझरच्या किती जवळ आणायचं, या वाऱ्यात आणायचं का, आणि नाही म्हणायचा अधिकार कुणाकडे, हे ठरवायचं होतं.

म्हणून कधी रिगवर गेलात तर बोर्ड जरूर वाचा, पण ड्रिलरला हेही विचारा की बीओपीची शेवटची टेस्ट कधी झाली आणि शेवटच्या किक ड्रिलमध्ये (किक आली असं धरून केलेल्या सरावात) विहीर बंद करायला किती मिनिटं लागली.