नळाला क्लोरीनचा वास येतोय? येऊ द्या

पंधरा दिवसांपूर्वी घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीसमोर रस्ता खणताना पाण्याची लाइन फुटली. दोन दिवस नळाला गढूळ पाणी आलं. तिसऱ्या दिवशी ते नितळ झालं, पण औषधासारखा वास येऊ लागला. लगेच ग्रुपवर निरोप फिरला: ‘पाण्यात केमिकल टाकलंय, पिऊ नका. तुरटी फिरवून तांब्याच्या हंड्यात ठेवा.’ घाबरायचं होतं ते आधीचे दोन दिवस, वास येत नव्हता तेव्हा.

घाण आत शिरायला लाइन फुटायलाच हवी असंही नाही. पाणी ठरावीक वेळी सुटतं आणि बंद होतं. बंद झालं की पाइपातला दाब उतरतो आणि सांध्याला फट असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं. कावीळ, टायफॉइड, कॉलरा याच वाटेने घरात शिरतात. पाणी टेमघरच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येवो की मोरबे धरणाचं पाणी शुद्ध करणाऱ्या भोकरपाड्याहून, तिथून ते कितीही चांगलं निघालं तरी पुढच्या सगळ्या पाइपांत त्याच्या सोबतीला राखणदार एकच असतो, क्लोरीन. भारतीय मानकानुसार नळाशी तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. हजार लिटरच्या टाकीत जेमतेम ग्रॅमचा पाचवा हिस्सा!

एवढासा क्लोरीन जंतू मारतो कसा, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. पाण्यात मिसळल्यावर त्याचं हायपोक्लोरस आम्ल होतं. हा रेणू पाण्याच्या रेणूचा भाऊबंदच, फक्त एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन. त्याच्यावर विद्युतभार नसतो, म्हणून तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतली प्रथिनं मोडून टाकतो. पण या आम्लातला हायड्रोजन सुटला की उरतो हायपोक्लोराइट आयन. त्याच्यावर ऋणभार आणि जिवाणूच्या पृष्ठभागावरही ऋणभार, त्यामुळे दोघं एकमेकांना दूर लोटतात. ई. कोलायसारखा जिवाणू मारण्यात हा आयन त्या आम्लापेक्षा ऐंशी ते शंभर पट दुबळा आहे.

दोघांपैकी कोण किती, हे पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, ठरवतो. ६.५ असेल तर दहातले नऊ रेणू आम्लाचे, ७.५ ला निम्मे, ८.५ ला दहात एक. आणि पिण्याच्या पाण्याला मानकाने मुभा दिली आहे ती नेमकी ६.५ ते ८.५ ची. म्हणजे नियमात बसणाऱ्या दोन पाण्यांत सारखाच क्लोरीन टाकला, तरी एकात मारक आम्ल दुसऱ्याच्या नऊ पट असू शकतं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीसुद्धा जंतू मारायला हेच आम्ल बनवतात. ते बनवणारं विकर (एन्झाइम) हिरव्या रंगाचं असतं, आणि पुवाला हिरवट छटा येते ती त्याच्यामुळे.

म्हणूनच ‘अल्कलाइन वॉटर’च्या यंत्रांच्या जाहिराती पाहून माझा संताप होतो. पीएच ९ झालेल्या पाण्यात मारक आम्ल शंभरात तीन भाग उरतं. पाणी पिऊन रक्ताचा पीएच बदलत नाही, पण साथीच्या भीतीवर हजारो रुपयांची यंत्रं मात्र खपतात.

वासाबद्दल आणखी एक. पाण्यात अमोनिया असेल, म्हणजे सांडपाणी मिसळलं असेल, तर क्लोरीन आधी त्याच्याशी जोडला जाऊन क्लोरामाइन बनतात. त्यांतली काही फार उग्र वासाची असतात. क्लोरीन वाढवत नेला की एका टप्प्यावर ही संयुगं मोडतात आणि त्यापुढे टाकलेला क्लोरीन मोकळा उरतो. त्यामुळे डोळे चुरचुरावेत इतका वास अचानक आला तर क्लोरीन जास्त झाला असं लगेच समजू नका. तो घाणीशी झुंजतोय असंही असेल.

शंका असेल तेव्हा घरी पहिला उपाय उकळण्याचा. कडेला बुडबुडे दिसले म्हणजे पाणी उकळलं असं नव्हे, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवायचं. गढूळ असेल तर आधी चारपदरी सुती कापडातून गाळा. तुरटी फिरवायची ती इथेच, कारण ती गाळ बसवते, जंतू मारत नाही. तांब्यामुळे जिवाणू कमी होतात हे खरं, पण त्याला तासन्‌तास लागतात आणि गटार मिसळलेल्या पाण्याला तेवढ्यावर सोडता येत नाही. उकळताना क्लोरीन उडून जातो, म्हणून ते पाणी त्याच पातेल्यात झाकून ठेवा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने घ्या आणि दिवसभरात संपवा. दात घासायला, कोथिंबीर धुवायला, बर्फाला तेच वापरा. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि पूर्ण अर्धा तास थांबा. त्याआधी लिंबू पिळू नका, क जीवनसत्त्व क्लोरीनला तिथल्या तिथे संपवतं. पाण्याला रॉकेलचा किंवा रंगाचा वास आला तर मात्र उकळून उपयोग नाही. ते पिऊच नका.

ग्रुपवर वाद घालण्यापेक्षा मी ओटी टेस्टची बाटली आणली. गावोगावी पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर करतात तीच चाचणी. वेगळ्या नळीत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. (ते पाणी पिण्याच्या भांड्यात ओतायचं नाही, रसायन विषारी आहे.) गेटजवळच्या महापालिकेच्या जोडणीवर पाणी पिवळं झालं. खालच्या टाकीत फिकट. सातव्या मजल्यावर, वरच्या टाकीच्या नळाला, काहीच रंग आला नाही. सेक्रेटरींनी स्वतः झाकण उघडून टॉर्च मारला, तर तळाशी बोटभर गाळ होता. क्लोरीन तिथेच खर्च होत होता. परवाच्या रविवारी टाकी उपसून घासून घ्यायची आहे. भरल्यावर पुन्हा सातव्या मजल्यावर नळी घेऊन जाणार आहे.