अपेंडिक्स: दुर्बिणीचं की चिऱ्याचं, हे नंतर; आधी सांगा, फुटलं होतं का?

एकाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन दुर्बिणीनं झालं, तो दोन दिवसांत रावेरला घरी आला. दुसऱ्याचं चिरा देऊन झालं, तो आठवडाभर दवाखान्यात होता. झाला निष्कर्ष: दुर्बीण चांगली, चिरा वाईट. पहिल्याचं अपेंडिक्स नुसतं सुजलं होतं आणि दुसऱ्याचं फुटून पोटात पू पसरला होता, हे कोणी विचारतच नाही. ही तुलना जळगावपासून शहाद्यापर्यंत रोज होते आणि रोज चुकते.

चिऱ्याचं ऑपरेशन सगळ्यांना माहीत आहे: पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला काही सेंटीमीटरचा छेद. दुर्बिणीत बहुधा तीन छिद्रं पाडतात आणि कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात. लेझरचा इथे काही संबंध नाही, आणि छिद्रांनाही टाके लागतात. ‘बिनटाक्याचं लेझर ऑपरेशन’ म्हणणं कृपा करून थांबवा. दुर्बिणीला साधारणपणे पूर्ण भूल लागते, चिऱ्याचं कमरेत सुई देऊनही होतं. दुर्बिणीनंतर एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो, कारण गॅसमुळे छातीखालचा पडदा चाळवतो.

पद्धतीनं बदलते ती पोटाच्या भिंतीची जखम. ती लहान असली की सुरुवातीचं दुखणं कमी, जखमेत पू होण्याची शक्यता कमी, कामावर परतणं काही दिवस लवकर. लठ्ठ माणसात हा फायदा ठळक दिसतो. तरुण बाईच्या पोटात दुखत असेल तर दुर्बिणीतून अंडाशयही बघता येतं, म्हणून तिथे मी दुर्बिणीच्याच बाजूनं. सडपातळ माणसाचं न फुटलेलं अपेंडिक्स असेल, तर दोन्हींत फरक थोडाच. अमेरिकन सर्जन मॅकबर्नी यांनी 1894 मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्नायू आडवे कापत नाहीत, तंतूंच्या दिशेनं फाकवतात. म्हणून तो चिरा चांगला भरतो. बेंबीच्या वर-खाली जाणारा लांब उभा छेद वेगळा. तो पोटभर पू असताना घ्यावा लागतो, आणि लोक तोच व्रण बघून साध्या चिऱ्याला घाबरतात.

खरा फरक पडतो तो अपेंडिक्स फुटलंय की नाही, यानं. न फुटलेलं काढलं की आजार तिथेच संपतो. राहते ती भरायची जखम. फुटलं की पू आतड्यांभोवती पसरतो. आतडी काही दिवस मंदावतात, पोट फुगतं, वारा सरत नाही, सलाईनमधून अँटिबायोटिक चालू ठेवावं लागतं, कधी नळी ठेवतात. छिद्रं कितीही बारीक असोत, आतला हा दाह तेवढाच असतो. अशा पेशंटला पाचव्या दिवशीही दवाखान्यात ठेवलं, की नातेवाईक डॉक्टरशी भांडतात: “दुर्बिणनं ऑपरेशन शे ना, मंग सुट्टी काबर नही?”

म्हणून मध्यरात्री पोट कडक झालेल्या माणसाला, तालुक्यात हात बसलेला सर्जन हजर असताना, केवळ दुर्बिणीसाठी गाडीत घालून नाशिकला पळवणं मला अजिबात पटत नाही. डॉक्टरनंच पुढे पाठवलं तर गोष्ट वेगळी.

सुट्टी मिळाल्यावरही तोच घोळ. कातडीवरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकतात, पण त्याखालचा पोटाच्या भिंतीतला मजबूत पडदा बळकट व्हायला कित्येक आठवडे लागतात. व्रण दिसत नाही म्हणून केळीचे घड खांद्यावर घेऊ नका, कापसाच्या गाठोड्याला हात लावू नका. कधी उचलायचं ते सर्जनला विचारा. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. अंथरुणात झोपवून नुसतं मुगाचं पाणी पाजत राहण्यानं कोणी लवकर बरं होत नाही.

फुटलेल्या अपेंडिक्सनंतर घरी आल्यावर पुन्हा ताप चढला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, किंवा सारखी शौचाला जायची भावना होऊन शेमेसारखं पातळ होऊ लागलं, तर ओटीपोटात पू साचलेला असू शकतो. ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून मेडिकलवरून जुलाबाची गोळी आणू नका. त्याच दिवशी सर्जनकडे जा आणि सोनोग्राफी करायची का ते विचारा. ऑपरेशन दुर्बिणीचं असलं तरीही.