निळ्या चीजमधली सुई रिकामी असते

'ब्लू चीजमध्ये सुईने बुरशी टोचतात' असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. टोचतात हे खरं, पण सुईत काहीच नसतं.

फ्रान्समधलं रोकफोर हे ब्लू चीज घ्या. मेंढीच्या कच्च्या दुधात किंवा त्याच्या गाठींमध्ये पेनिसिलियम रोकफोर्ती या बुरशीचे बीजाणू आधीच मिसळलेले असतात. पण हवेशिवाय ते वाढत नाहीत. म्हणून चीजच्या गोल वड्यांना आरपार भोकं पाडतात. हवा आत शिरते आणि कोम्बालू डोंगरातल्या थंड, दमट गुहांमध्ये निळाई पसरते. चीज तयार व्हायला किमान 90 दिवस लागतात. कापलेला तुकडा नीट बघा: एखादी निळी रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते, ती सुईची वाट. बाकीचे ठिपके गाठींमधल्या पोकळीतले.

फ्रिजमध्ये विसरलेल्या पनीरवरची बुरशी मात्र कुठली, कोण जाणे! ते मुकाट्याने फेकायचं.

रोकफोर खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा. गार असताना नुसतं खारट लागतं. सोबत पिकलेलं पेअर, अक्रोड, थोडा मध. पहिला घास अगदी छोटा घ्या, वास नाकात भिनू द्या.