पाटेश्वर

पाटेश्वर : सातारा जिल्ह्यातील एक प्राचीन शैव स्थान. सातारा शहराच्या आग्नेयेस सुमारे १२ ते १४ किमी. अंतरावर, देगावच्या डोंगरात. बांधीव मंदिर, पुष्करणी, मठ आणि कातळात खोदलेल्या लहान-मोठ्या लेण्यांचे समूह असे त्याचे स्वरूप आहे. वाटेवर गणपतीची मूर्ती लागते. पुढे पायऱ्यांची चढण झाडीतून मंदिराच्या आवारात येते. लेण्यांपैकी वऱ्हाडघर आणि मरगळ म्हैस हे दोन समूह विशेष परिचित आहेत. ‘वऱ्हाडघर’ हे नाव आतल्या पिंडींची दाटी पाहून लोकांनीच दिले असावे. लग्नघरी माणसांनी ओसरी भरून जावी, तसा तो देखावा आहे.

महाराष्ट्रातील बहुतेक शिल्पमंदिरांत नजर आधी खांबांवर, द्वारशाखेवर (दाराच्या कोरीव चौकटीवर) आणि बाह्यांगावरील मूर्तींवर जाते. सज्जनगडाच्या पायथ्याशी परळी येथे महादेवाचे जे जुने देऊळ आहे, त्याची ख्याती अशा कोरीव खांबांसाठी आहे. पाटेश्वराचे वैशिष्ट्य वेगळे. येथे कलावंताने एकच आकार, म्हणजे शिवलिंग, हाती धरला आणि त्याचीच असंख्य रूपे घडवली. हाताच्या पंजात मावेल एवढ्या पिंडीपासून माणसाच्या कवेत न मावणाऱ्या लिंगापर्यंत सर्व मापे येथे आढळतात. काही सुटी आहेत, काही एकाच शाळुंकेवर, म्हणजे लिंगाच्या बैठकीवर, ओळीने बसवलेली, तर काही मोठ्या लिंगाच्या अंगावरच बारीक कोरलेली. लिंगावर लिंगे कोरण्याची ही कल्पना शिल्पशास्त्राला अपरिचित नाही. अष्टोत्तरशतलिंग (एकशे आठ लिंगांचे) आणि सहस्रलिंग (हजार लिंगांचे) हे प्रकार आगमग्रंथांत, म्हणजे मंदिर, मूर्ती व पूजा यांच्या शास्त्रग्रंथांत, सांगितलेले आहेत. परंतु एवढ्या छोट्या परिसरात त्यांची अशी गर्दी क्वचितच पाहावयास मिळते.

अग्निवृष : पाटेश्वराचे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वाधिक चर्चिले गेलेले शिल्प म्हणजे अग्निवृष. पुरुष आणि बैल यांची अंगे एकाच दगडात गुंफलेली ही मूर्ती प्रथमदर्शनी कोड्यात टाकते. नंदी म्हणावे तर माणसाचे अंग, गण, म्हणजे शिवाचा सेवक, म्हणावा तर हात अधिक. तिची ओळख पटते ती ऋग्वेदातील एका ऋचेवरून (४·५८·३) :

चत्वारि शृङ्गा त्रयो अस्य पादा द्वे शीर्षे सप्त हस्तासो अस्य ।
त्रिधा बद्धो वृषभो रोरवीति महो देवो मर्त्याँ आ विवेश ॥

चार शिंगे, तीन पाय, दोन डोकी, सात हात. तीन ठिकाणी बांधलेला हा वृषभ डरकाळी फोडतो आहे, हा महान देव मर्त्यांमध्ये प्रविष्ट झाला आहे, असा तिचा सरळ अर्थ. हा वृषभ कोण, याविषयी प्राचीन काळापासून दोन ठळक परंपरा आहेत. निरुक्त या वैदिक शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथाच्या परंपरेत तो यज्ञ होय : चार शिंगे हे चार वेद, तीन पाय ही दिवसाची तीन सवने (सोमरस काढून अर्पण करण्याच्या वेळा), दोन डोकी म्हणजे प्रायणीय व उदयनीय ही आरंभीची व शेवटची कर्मे, सात हात हे सात छंद, आणि मंत्र, ब्राह्मण व कल्प ही तीन बंधने. व्याकरणकार पतंजलीने पाणिनीच्या व्याकरणावरील आपल्या महाभाष्याच्या आरंभी, पस्पशाह्निक या पहिल्या प्रकरणात, हीच ऋचा शब्दाला लावली आहे. त्याच्या मते नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग व निपात (अव्यय) ही चार शिंगे. भूत, वर्तमान व भविष्य हे तीन पाय. नित्य (कायमचे) व कार्य (उच्चाराने घडणारे) अशी शब्दाची दोन रूपे ही दोन डोकी. सात विभक्ती हे सात हात. आणि छाती, कंठ व मस्तक या तीन जागी तो बांधलेला आहे. व्याकरण शिकणाऱ्याने या महादेवाशी साम्य पावावे, असे पतंजली पुढे म्हणतो. विभक्ती पाठ करताना कंटाळलेल्या कोणाही विद्यार्थ्याने ही मूर्ती एकदा जवळून पाहावी, असे मनापासून वाटते.

या दोहोंपैकी पाटेश्वरच्या शिल्पकाराच्या मनात कोणता अर्थ होता? यज्ञाचा देव अग्नी शिवस्थानात येण्याचे कारण वेदवाङ्मयातच सापडते. ‘रुद्रो वा एष यदग्निः’, म्हणजे अग्नी हाच रुद्र, हे यजुर्वेदाचे वचन प्रसिद्ध आहे. दोन मुखे, सात हात आणि तीन पाय असलेल्या अग्निमूर्ती दक्षिण भारतातही घडवल्या गेल्या. हे लक्षात घेता शब्दापेक्षा यज्ञरूप अग्नीचा अर्थ येथे अधिक जुळतो, आणि ‘अग्निवृष’ हे रूढ नावही त्याच बाजूला झुकते. मात्र व्याकरणपर अर्थही पाठशाळांतून तितकाच प्रचलित होता, त्यामुळे तो सर्वस्वी बाजूला सारता येत नाही.

काळ : बांधीव मंदिर व आवाराची उभारणी देगावचे सावकार परशुराम नारायण अनगळ यांच्याकडे जाते आणि ती मराठेशाहीच्या काळातील मानली जाते. लेण्यांबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासक सर्वच काम एका काळातले, म्हणजे अनगळांच्या आश्रयाने झालेले समजतात. दुसऱ्या मतानुसार लेणी व लिंगे यादवकाळापर्यंत मागे जातात. स्थानिक लोक संपूर्ण स्थानालाच ‘हेमाडपंती’ म्हणतात, पण या शब्दावर कालनिर्णय उभारू नये. तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून आलेली ही संज्ञा आज चुन्याशिवाय रचलेल्या जवळजवळ कोणत्याही जुन्या दगडी देवळाला लावली जाते. ढोबळ कसोटी अशी की, शिळेवर शिळा आणि खांबांवर तुळया अशी रचना दिसते तेथे जुना काळ संभवतो. कमानी आणि चुना दिसतो तेथे बहुधा उत्तरकाळ.

लिंगांच्या बाबतीत ही कसोटीही फारशी उपयोगी पडत नाही. मूर्तीला दागिने असतात, वस्त्र असते, केशरचना असते, आणि त्यांवरून शतक ओळखता येते. पिंडीला यातले काहीच नाही. तिचा आकार शतकानुशतके जवळपास तोच राहतो. अग्निवृषामागील विद्वत्ताही काळ ठरवू शकत नाही, कारण ती यादवांच्या दरबारी जशी होती, तशी अठराव्या शतकातील सातारच्या शास्त्र्यांजवळही होती. तरीही लेणी आधीची आणि जुन्या जागृत स्थानावर अनगळांनी नवे आवार उभारले, असे दोन टप्पे मानणे अधिक ग्राह्य वाटते. देवस्थानांचे जीर्णोद्धार महाराष्ट्रात बहुधा याच रीतीने झालेले आहेत.

दर्शन : महाशिवरात्र व श्रावणी सोमवारी गर्दी असते. शिवालयात सोमसूत्री प्रदक्षिणा घालतात, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ न ओलांडता मागे फिरतात. पाटेश्वरी मात्र पावलापावलावर पिंडी असल्याने हा नियम पाळताना भाविकाची पावले आपोआप मंदावतात. लेण्यांत बॅटरी न्यावी आणि प्रकाश समोरून न टाकता बाजूने टाकावा. समोरच्या उजेडात जी भिंत सपाट वाटते, तीच तिरप्या उजेडात भरून येते. बोटाच्या पेरापेक्षा लहान पिंडी उठून दिसतात. बेसाल्टसारख्या कठीण दगडात एवढे बारीक काम करताना छिन्नी एकदा घसरली तरी ओळ बिघडते. तेल, शेंदूर आणि गुलाल यांची पुटे हे बारकावे बुजवतात, म्हणून शिल्पांना हात न लावता पाहावे. फुले वाहायची ती पूजेतल्या पिंडीवर वाहावीत.

अनगळांचे नाव कृष्णा-वेण्णा संगमावरील क्षेत्र माहुली येथील रामेश्वर मंदिराशीही जोडले जाते. बांधणीची तुलना करू इच्छिणाऱ्याने दोन्ही स्थाने एकाच दिवशी पाहावीत. साताऱ्यातून ते सहज जमते.