शिट्टी एकीची, माहेर दुसरीचं

रशियातल्या सारातोव्ह भागात, व्होल्गा नदीच्या पूर्वेला, नजर पोचेल तिथवर गवताळ माळ आहे. या माळात बिळं करून राहणाऱ्या खारीला रशियन लोक सुसलिक म्हणतात. आपली खारूताई धोका दिसला की झाडावर सुळकन चढते. सुसलिकला चढायला झाडच नाही. ती मागच्या पायांवर खुंटीसारखी ताठ उभी राहते, डोक्यावर ससाणा घिरट्या घालताना दिसला की कर्कश शिट्टी मारते आणि बिळात गडप होते.

इथे सुसलिकच्या एकाहून अधिक जाती शेजारी शेजारी राहतात. पिवळी दांडगी, तांबूस तिच्याहून लहान, आणि सगळ्यांत चिमुकलीला नावच ‘छोटी’. प्रत्येकीची शिट्टी वेगळी, सरावलेल्या कानाला न बघताही ओळखू येणारी. पण काही वसाहतींत संशोधकांना अशा शिट्ट्या ऐकू आल्या, ज्या धड पिवळीच्या नाहीत, धड तांबूसच्याही नाहीत. आवाज आणि डीएनए दोन्ही तपासून या संकरित खारींची ओळख पटवण्यात आली.

घोडा आणि गाढव यांचं खेचर बहुधा वांझ असतं. गोष्ट तिथेच थांबते. सुसलिकच्या संकरित पिल्लांना मात्र पुढे पिल्लं होतात, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.

आपलं आडनाव बापाकडून येतं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे तिच्यातले चिमुकले भाग. त्यांचा स्वतःचा डीएनए नेमका उलट वागतो, तो आईकडूनच मिळतो. आता समजा, एका पिवळ्या मादीला तांबूस नरापासून लेक झाली. त्या लेकीनं, मग नातीनं, पणतीनं तांबूस नरच पत्करला. केंद्रकातल्या डीएनएमधला पिवळा वाटा आधी निम्मा, मग पाव, मग अर्धपाव असा घटत जातो आणि सातव्या पिढीत सरासरी एक टक्क्याच्याही खाली येतो. रंग तांबूस, शिट्टी तांबूस. मायटोकॉन्ड्रिया मात्र अजून त्या खापरपणजीच्या, शंभर टक्के पिवळ्या! दिसायला अस्सल तांबूस, पण माहेर पिवळीचं किंवा छोटीचं, अशा सुसलिक व्होल्गाकाठी खरोखर सापडल्या आहेत.

वंशावळ मांडणाऱ्यांची यात पंचाईत होते, कारण मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मिळवायला आणि वाचायला सोपा, म्हणून अनेक वर्षं भिस्त त्याच्यावरच होती. त्यानं कामही मोठं केलं, हे नाकारता येत नाही. पूर्वी जमिनीवरच्या चाळीसेक जातींच्या खारी ‘स्पर्मोफिलस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एकाच गटात, कोंबलेल्या होत्या. डीएनए पाहिल्यावर कळलं, की मार्मोट आणि प्रेअरी डॉग (नावात ‘डॉग’ असला तरी कुत्रा नव्हे) हे बिळात राहणारे प्राणी दूरचे नातलग नसून याच खारींच्या वंशवृक्षाच्या मधल्या फांद्यांवर बसलेले आहेत. 2009 मध्ये त्या प्रजातीचे आठ तुकडे करावे लागले. लडाखमध्ये पँगाँगच्या वाटेवर आपले पर्यटक ज्याला बिस्किटं चारतात (चारू नयेत), तो गुबगुबीत हिमालयी मार्मोटही याच गोतावळ्यातला.

पण एकाच साक्षीदारावर विसंबून निकाल दिला की काय होतं, हे कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटानं दाखवलं. जगात फक्त या बेटावर राहणारा एक गडद चॉकलेटी मार्मोट आहे. समोरच्या मुख्य भूमीवर त्याचा करड्या अंगाचा भाऊबंद राहतो. मायटोकॉन्ड्रियाला विचारलं तर बेटावरचा मार्मोट म्हणजे या करड्याचीच एक डहाळी, इतका तो किनाऱ्यालगतच्या करड्यांना जवळचा निघतो. केंद्रकातल्या जनुकांची साक्ष वेगळी: हा स्वतंत्र वंश आहे. मग मायटोकॉन्ड्रिया करड्यासारख्या कशा? उत्तर व्होल्गाकाठचंच. संशोधकांच्या मते कधीकाळी या दोघांचा संकर झाला, करड्या माद्यांच्या लेकीबाळी बेटावरच्या वंशात मिसळल्या आणि मागे तेवढी खूण राहिली.

हा वाद नुसता पंडितांचा नाही. ज्याला वेगळी जात मानायची, त्याला वाचवायला पैसा आणि माणसं उभी राहतात. नुसती डहाळी ठरली तर कोण धावणार? 2003 साली या मार्मोटपैकी रानात तीसही उरले नव्हते. त्याच वर्षी बंदिवासात जन्मलेले मार्मोट बेटाच्या डोंगरांवर सोडायला सुरुवात झाली. आज त्या कुरणांवर उन्हं खात बसलेलं चॉकलेटी पिल्लू बेटाचंच आहे, फक्त त्याच्या आईच्या आईच्या आईचं माहेर समुद्रापलीकडे आहे.