डलहौसीचे पान कोणत्या नावाने? विकिपीडियावरील किताबांच्या वादाची पार्श्वभूमी

सातारचे राज्य १८४८ साली डलहौसीच्या कारकिर्दीत खालसा झाले, हे महाराष्ट्रात शाळेतच पाठ होते. इंग्रजी विकिपीडियाने मात्र त्याच्या पानाला 'जेम्स ब्राउन-रॅमझी, डलहौसीचा पहिला मार्क्वेस' अशा अर्थाचे नाव दिले. ब्राउन-रॅमझी हे आडनाव, डलहौसी हा किताब. त्यातही सातारा घेतला तेव्हा तो मार्क्वेस नव्हताच. तेव्हा तो दहावा अर्ल, म्हणजे मार्क्वेसहून खालच्या दर्जाचा उमराव होता आणि मार्क्वेस झाला तो १८४९ मध्ये. म्हणजे ज्या हुद्द्याने ज्ञानकोश त्याला ओळखतो, तो हुद्दा आपल्याकडच्या त्या घटनेच्या वेळी त्याच्याकडे नव्हता.

मग नुसते 'लॉर्ड डलहौसी' का लिहू नये? कारण हिंदुस्थानात आलेला तो एकटाच लॉर्ड डलहौसी नाही. त्याचे वडील जॉर्ज रॅमझी हे नववे अर्ल, आणि १८३० ते १८३२ या काळात ते हिंदुस्थानातील सैन्याचे सरसेनापती होते. क्रमांक आणि हुद्दा काढून टाकला की बापलेक एकमेकांत मिसळतात.

मुंबईत हाच गोंधळ एल्फिन्स्टन नावाचा होतो. एल्फिन्स्टन कॉलेज ज्यांच्या नावाचे, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. ते लॉर्ड घराण्यातले खरे, पण धाकटे; स्वतः कधीच लॉर्ड झाले नाहीत. आता प्रभादेवी म्हणतात ते एल्फिन्स्टन रोड स्टेशन त्यांच्या पुतण्याच्या नावाचे होते. हे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, १८५३ ते १८६० मुंबईचे गव्हर्नर. तरीही मराठीत माउंटस्टुअर्टना 'लॉर्ड एल्फिन्स्टन' करून टाकणारे लेख सर्रास दिसतात. किताब चुकला की माणूसच बदलतो. किताबांवरचे वाद म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

हा प्रश्न संगणकाच्या काळातला नाही. ब्रिटिश पंतप्रधान बेंजामिन डिझरायली १८७६ मध्ये अर्ल ऑफ बीकन्सफील्ड झाले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९११च्या आवृत्तीत त्यांची नोंद बीकन्सफील्ड या नावाखाली आहे. ब्रिटिश राष्ट्रीय चरित्रकोशात ती डिझरायली या आडनावाखाली. एकाच देशातले दोन मोठे कोश, माणूस एक, आणि खंड वेगळे. छापील कोशात हा निर्णय संपादक घेत आणि तो सगळ्या खंडांना लागू होई. वाचक फार तर पत्र लिहून नाराजी कळवी.

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला तो प्रमुख संपादकाशिवाय. तिथे नियम ठरतो चर्चेतून, आणि सहमती कालांतराने बदलू शकते. वंशपरंपरागत उमरावांसाठी सर्वसाधारण नियम असा झाला की मथळ्यात नाव, क्रमांक आणि किताब तिन्ही असावेत. कारण व्यावहारिक होते. या घराण्यांत तीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहतात. पण दुसरा, अधिक मूलभूत नियम म्हणतो की माणूस ज्या नावाने सर्वाधिक ओळखला जातो तेच नाव द्यावे. या दोन नियमांची टक्कर हेच निम्म्या भांडणांचे मूळ. बर्ट्रांड रसेल १९३१ पासून तिसरे अर्ल रसेल होते, पण पान नुसत्या बर्ट्रांड रसेल नावाचे. कवी बायरनचे पान 'लॉर्ड बायरन', कारण जग त्याला त्याच नावाने ओळखते. १९५८च्या कायद्याने तहहयात, म्हणजे वारशाने पुढे न जाणारी, उमरावपदे सर्रास दिली जाऊ लागली आणि निवृत्त मंत्री, प्राध्यापक, कामगार पुढारी आयुष्याच्या उत्तरार्धात लॉर्ड होऊ लागले. कारकीर्द सगळी साध्या नावाने झालेली! त्यांच्यासाठी साधे नाव हा नियम ठरला. मार्गारेट थॅचर १९९२ मध्ये बॅरोनेस (लॉर्डचे स्त्रीरूप) झाल्या, त्यांचे पान मार्गारेट थॅचरच राहिले. १९६३च्या कायद्याने वारशाने आलेला किताब सोडून देण्याचीही सोय झाली. राजकारणी क्विंटिन हॉग यांनी व्हायकाउंट हेल्शॅम हे पद सोडले आणि १९७० मध्ये तहहयात लॉर्ड होऊन हेल्शॅम हे नाव पुन्हा घेतले. अशा माणसाच्या चरित्रात प्रत्येक परिच्छेदाला त्याचे नाव काय लिहायचे, यावर प्रामाणिक मतभेद होणारच.

धर्मगुरूंच्या उपाध्यांचा वाद याहून जुना आणि कडू आहे. १८५० मध्ये पोप नववे पायस यांनी इंग्लंडमध्ये कॅथलिक बिशपांची रचना पुन्हा उभी केली, तेव्हा चिडलेल्या पार्लमेंटने १८५१ मध्ये कायदाच केला: अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या कोणी इंग्लंडमधल्या गावाचा बिशप अशी उपाधी लावली तर शंभर पौंड दंड. वीस वर्षांनी, १८७१ मध्ये, तो रद्द झाला. त्यानंतर थोड्याच वर्षांत लिंकनशरमधल्या ऑस्टन फेरी या गावी एक थडगे वादात सापडले. हेन्री कीट या मेथॉडिस्ट (अँग्लिकन चर्चबाहेरचा प्रोटेस्टंट पंथ) धर्मोपदेशकाची लहान मुलगी १८७४ मध्ये वारली. तिच्या दगडावर 'रेव्ह. एच. कीट यांची धाकटी कन्या' असे कोरायचे होते. गावच्या अँग्लिकन धर्मगुरूने नकार दिला, कारण त्याच्या मते 'रेव्हरंड' म्हणवून घेण्याचा हक्क फक्त त्याच्या चर्चच्या पुरोहितांचा. खालच्या धर्मन्यायालयांत बाप हरला. प्रकरण प्रिव्ही कौन्सिल या राजसत्तेच्या सल्लागार मंडळापर्यंत, म्हणजे शेवटच्या अपिलापर्यंत गेले आणि १८७६ मध्ये निकाल लागला की 'रेव्हरंड' हा कोणा एका चर्चच्या मालकीचा किताब नाही; ते आदराचे विशेषण आहे. मुलीच्या थडग्यावर बापाच्या नावाआधी तीन अक्षरे लिहिण्यासाठी हा लढा द्यावा लागला. ज्ञानकोशाच्या संपादकांपुढे पुढे जो प्रश्न आला, त्याचे सार मला या निकालात दिसते: हा शब्द माहिती देतो की आदर व्यक्त करतो?

विकिपीडियावर हा प्रश्न पेटला २००५ मध्ये. त्या एप्रिलमध्ये कार्डिनल रात्झिंगर पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. पोपच्या लेखाचे पहिलेच शब्द 'हिज होलिनेस', म्हणजे परमपवित्र, असावेत का? एका बाजूचे म्हणणे, हे अधिकृत संबोधन आहे, ते गाळणे हाच पक्षपात. दुसरी बाजू म्हणे, 'पोप' हे पद आहे, ते वस्तुस्थिती सांगते. 'परमपवित्र' हे ज्ञानकोशाने स्वतःच्या तोंडाने म्हटले की ती श्रद्धा होते. कौल घेतले गेले, मसुद्यांवर मसुदे झाले. तोडगा निघाला तो असा, की संबोधन नावाआधी लावायचे नाही, पण त्या व्यक्तीला औपचारिकपणे कसे संबोधतात हे लेखात वेगळ्या चौकटीत किंवा मजकुरात नोंदवायचे. माझ्या मते हा विकिपीडियाच्या शहाण्या निर्णयांपैकी एक आहे. आदर पुसला गेला नाही, त्याची नोंद झाली. याच तत्त्वाने इंग्रजी विकिपीडिया प्रेषित मुहंमद यांच्या नावापुढे दरूद, म्हणजे आदराचे प्रार्थनावचन, लिहीत नाही आणि आपल्याकडच्या 'श्री'लाही नावात जागा देत नाही.

'सर' आणि स्त्रियांसाठीचा 'डेम' यांना मात्र लेखाच्या पहिल्या वाक्यात जागा मिळाली. राज्याने दिलेला किताब म्हणून चालतो आणि धर्माने दिलेला नाही, हा भेदभाव नाही का, असा आक्षेप घेणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. त्यात बारकावेही आहेत. अँग्लिकन धर्मगुरूला नाइटहूड मिळाले तरी त्याला परंपरेने 'सर' म्हणत नाहीत. कँटरबरीचे माजी आर्चबिशप रोवन विल्यम्स २०१३ मध्ये लॉर्ड विल्यम्स ऑफ ऑयस्टरमाउथ झाले. बिशप म्हणून एक संबोधन, प्रिव्ही कौन्सिलर म्हणून दुसरे, वर लॉर्ड आणि डॉक्टर. पानाचे नाव रोवन विल्यम्स. संतांचेही तसेच: गोव्याचा 'गोंयचो सायब' इंग्रजी विकिपीडियावर 'सेंट'विना, नुसता फ्रान्सिस झेवियर आहे, पीटरच्या नावातला 'सेंट' मात्र राहिला, कारण तो काढला तर कोणता पीटर ते कळणार नाही.

सर्वाधिक ओळखीचे नाव या कसोटीवर 'मदर तेरेसा' आणि 'महात्मा गांधी' ही पाने उपाधीसह आहेत. गांधींचे पान कितीतरी वर्षे 'मोहनदास करमचंद गांधी' होते आणि पुष्कळ चर्चेनंतर बदलले. मग 'शिवाजी' एवढेच नाव का, हा महाराष्ट्रातून वारंवार येणारा प्रश्न खरोखर मनापासूनचा आहे. इंग्रजी इतिहासग्रंथांत नुसते नाव रूढ आहे, हे त्याचे उत्तर. ते नियमात बसते, पण मराठी कानाला टोचते. त्याचे कारण भाषेत आहे.

इंग्रजीत आदर नावाआधी लावतात, म्हणून तो काढताही येतो. मराठीत तो क्रियापदात असतो. राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब बंद केले, १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'पद्मश्री' वगैरे नावाला जोडू नका असे बजावले. पण 'म्हणाला' आणि 'म्हणाले' यांतली निवड कोणता कायदा टाळणार? शिवाय आपल्याकडे उपाधी ओळखही पटवते. लोकमान्य टिळक आणि रेव्हरंड टिळक, दोघे समकालीन, दोघेही चित्पावन, दोघांची आडनावे एक. मराठी वाचकाला बाळ गंगाधर आणि नारायण वामन सांगण्याआधी 'लोकमान्य' आणि 'रेव्हरंड' हे शब्दच सांगतात की राजकारणी कोण आणि ख्रिस्ती कवी कोण.

मराठी विकिपीडिया २००३ मध्ये सुरू झाला. तिथे 'महाराज' आणि 'बाबासाहेब' मथळ्यातच आहेत, आणि मला ते योग्य वाटते, कारण मराठीत ती नावे तशीच चालतात. अवघड प्रश्न पुढचा आहे. ज्याने सातारा खालसा केला त्या डलहौसीबद्दल लिहिताना गव्हर्नर जनरल 'होता' लिहायचे की 'होते'? हा लेख लिहिताना मी त्याच्यासाठी 'होता' लिहिले, आणि त्याच्या वडिलांसाठी 'होते'.