गणिताबाहेरच्या विद्यार्थ्याला गणित : एका प्रश्नाची पार्श्वभूमी

भाषा, इतिहास किंवा समाजशास्त्र शिकण्यासाठी विद्यापीठात आलेल्या विद्यार्थ्याला गणिताची गोडी कशी लावावी, हा प्रश्न विद्यापीठांच्या इतिहासात बराच उशिरा उपस्थित झाला. मध्ययुगीन युरोपात अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र हे चार विषय सामाईक अभ्यासक्रमाचाच भाग होते. केंब्रिजमध्ये १८२४ साली ग्रीक व लॅटिन साहित्याची वेगळी सन्मान परीक्षा सुरू झाली, तेव्हाही तिला बसण्यासाठी आधी गणितातील सन्मान परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट पुढील काही दशके कायम राहिली. गणित सर्वांनाच घ्यावे लागत असल्याने विद्यार्थ्याला ते हवे आहे का, याची विचारपूस होण्याचे कारणच नव्हते.

या सक्तीचे समर्थन मुख्यतः ‘मनाला शिस्त लागते’ या एकाच मुद्द्यावर उभे होते. अमेरिकेतील येल महाविद्यालयाने १८२८ च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात अभिजात भाषांच्या जोडीने गणिताचीही बाजू याच आधारावर मांडली. आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १८३० मध्ये, तेथील विद्यार्थ्यांनी गणिताच्याच तासाला बंड केले. शांकवांच्या, म्हणजे शंकूच्या छेदातून मिळणाऱ्या वक्रांच्या, सिद्धता सांगताना पुस्तकातील आकृती समोर ठेवण्याची मुभा काढून घेऊन ती फळ्यावर स्मरणाने काढण्याची पद्धत लागू झाली होती. विद्यार्थ्यांनी त्यास नकार दिला आणि चाळीसहून अधिक जणांना महाविद्यालयातून काढून टाकण्यात आले. या मुलांना केवळ आळशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते; आपण हे का शिकतो आहोत, याचे त्यांना पटेल असे उत्तर अभ्यासक्रमातच नव्हते.

पुढे समर्थनाचा तो आधारही डळमळला. १९०१ मध्ये थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी लोकांकडून आयतांच्या क्षेत्रफळांचा अंदाज बांधण्याचा सराव करून घेतला. मात्र आकार किंवा आकृती बदलताच त्या सरावाचा लाभ फारसा टिकत नाही, असे त्यांना आढळले. एका विषयात कमावलेली शिस्त आपोआप दुसऱ्या विषयात उतरते, हा दावा त्यामुळे दुबळा झाला. त्याच सुमारास ऐच्छिक विषयांची पद्धत रुळत होती, आणि निवडीची मोकळीक मिळताच अनेकांनी गणिताकडे पाठ फिरवली. प्रेरणेचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

माझ्या मते या इतिहासातील सर्वांत फलदायी वळण १९५७ चे आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयातील केमेनी, स्नेल आणि थॉम्प्सन यांनी त्या वर्षी समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कलनशास्त्राऐवजी (कॅल्क्युलसऐवजी) तर्क, संच, संभाव्यता आणि मॅट्रिक्स (संख्यांची ओळी-स्तंभांतील मांडणी) यांना स्थान होते. जुनेच गणित गोड बोलून गळी उतरवण्याऐवजी गणिताची निवडच बदलावी, हा विचार त्यामागे होता. याच केमेनींनी कर्ट्झ यांच्यासह १९६४ मध्ये बेसिक ही संगणकभाषा तयार केली, तीही विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांना संगणक हाताळता यावा म्हणून.

निवड बदलल्याने काय साधते, हे मतदानाच्या गणितावरून दिसते. तीन मतदारांपैकी पहिल्याचा पसंतीक्रम क, ख, ग. दुसऱ्याचा ख, ग, क. आणि तिसऱ्याचा ग, क, ख असा आहे असे समजू. दोन-दोन उमेदवारांची तुलना केली तर क हा ख ला, ख हा ग ला आणि ग हा क ला, प्रत्येक वेळी दोन विरुद्ध एक मतांनी हरवतो. म्हणजे बहुमत आहे, परंतु विजेता नाही. फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी १७८५ मध्ये मांडलेला हा विरोधाभास समजण्यास बेरजेपलीकडचे काही लागत नाही, आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो त्याच्याच विषयाच्या गाभ्याशी नेतो.

विषय बदलला तरी भीती उरतेच, याची दखल मात्र स्वतंत्रपणे घेतली गेली. १९७२ मध्ये रिचर्डसन आणि सुइन यांनी गणिताच्या धास्तीचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि १९७८ मध्ये शीला टोबायस यांच्या पुस्तकामुळे हा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. हे दोन्ही धागे एकत्र आणण्याचा एक ठळक प्रयत्न २०११ मध्ये अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांत सुरू झाला. कार्नेगी प्रतिष्ठानच्या ‘स्टॅटवे’ या अभ्यासक्रमात, बीजगणिताच्या पूर्वतयारीत अडकून पडणाऱ्या विद्यार्थ्यांना वर्षभरात सांख्यिकीचा पदवीस्तरीय अभ्यास पूर्ण करण्याचा मार्ग मिळाला, आणि विद्यार्थ्याची धास्ती व ‘मला गणित जमणारच नाही’ हा समज दूर करण्याचे काम अध्यापनाचाच भाग मानले गेले.